सहीआधीचा पेला

चिंतामण गायधनीला भीती वाटायला कारण लागत नसे. पोस्टमननं नाव घेऊन हाक मारली तरी तो आधी दाराआड व्हायचा. बँकेत साहेबांनी बोलावलंय असा निरोप आला की तो आधी घोटभर पाणी प्यायचा, शर्ट खोचायचा, मनातल्या मनात रामरक्षेच्या चार ओळी म्हणायचा आणि मग आत जायचा. साहेबांना स्टेपलर हवा असायचा. पंचवटीतल्या दोन खोल्यांच्या घरात तो, बायको शुभांगी आणि वडील आप्पा असे तिघं राहत. शुभांगी म्हणायची, देव ह्यांना घडवत होता तेव्हा नेमकी पाठीच्या कण्याच्या वेळी वीज गेली असणार. ती हे प्रेमानं म्हणायची, पण चारचौघांत म्हणायची.

आप्पा रामकुंडावरचे तीर्थपुरोहित. नाशिकची माणसं गोदावरीला गोदावरी म्हणत नाहीत, गंगा म्हणतात. त्या गंगेवर आप्पांनी चाळीस वर्षं संकल्प सांगितले. यजमान गावी परत निघाले की गंगेचा गडू मागत. तांब्याच्या छोट्या गडूत पाणी भरून, लाखेनं तोंड बंद करून आप्पा तो देत. उन्हाळ्यात पात्र आटलं की शेजारचे काही जण सरळ नळाखाली गडू धरत. आप्पा मात्र गुडघाभर चिखल तुडवून धारेपर्यंत जात. लहानपणी चिंतामणनं एकदा विचारलं होतं की नळाचं पाणीसुद्धा गंगेचंच ना, मग एवढी यातायात कशाला. आप्पा म्हणाले होते, "गडूत काय आहे ते यजमानाला कधीच कळत नाही. म्हणून तर त्यात खोटं करायचं नसतं."

चिंतामणनं तो व्यवसाय घेतला नाही. एखादा यजमान आपल्याला न येणारं काहीतरी विचारील, ही भीती. त्यापेक्षा बँक बरी, असं त्याला वाटलं. गंगाकाठ नागरी सहकारी बँकेत तो चौऱ्याऐंशी साली लागला, तो गोरक्ष अण्णांच्या शब्दावर. अण्णा बँकेचे संचालक. अण्णांनी तो उपकार कधी बोलून दाखवला नाही. नुसतं भेटले की चिंतामणच्या खांद्यावर हात ठेवायचे, आणि तो हात चिंतामणला दिवसभर जाणवत राहायचा.

पंच्याण्णव साली अनसूया पाराशरे बँकेच्या सरव्यवस्थापक झाल्या. ठेंगणी मूर्ती, जाड भिंगांचा चष्मा, आणि आवाज असा की टेबलापलीकडच्याला जेमतेम ऐकू जावा. त्यांना कोणी ओरडताना पाहिलं नाही. पूर्वी कुठल्याशा तालुक्याच्या शाखेत असताना त्यांनी कापड रंगवायच्या एका कारखान्याच्या कर्जाच्या कागदावर, जागेवर न जाता, सही केली होती, आणि पुढं त्या कारखान्याखालच्या अख्ख्या वस्तीला आपली विहीर सोडावी लागली होती. हे त्या स्वतः कधी सांगत नसत. शिपायांना माहीत होतं, म्हणजे सगळ्यांना माहीत होतं.

त्यांनी आल्या आल्या एक रीत घालून दिली. ज्या कारखान्याचं सांडपाणी बाहेर पडतं त्यानं कर्ज मागितलं, की बँकेच्या तपासणी अधिकाऱ्यानं कारखान्याच्या उताराला असलेली सगळ्यात जवळची विहीर गाठायची आणि तिथलं एक बाटली पाणी आणायचं. अर्धं प्रयोगशाळेत जायचं, अर्धं मॅडमच्या कपाटात. अहवाल वाईट आला तर मॅडम कर्ज नाकारत नसत. आधी पाणी साफ करायच्या यंत्राला पैसे देत, तेही कमी व्याजानं, आणि मग बाकीचं बोलत. अहवाल चांगला आला तर कर्ज समितीच्या बैठकीत ती उरलेली बाटली टेबलावर यायची. मॅडम काचेच्या पेल्यात पाणी ओतायच्या, सगळ्यांदेखत प्यायच्या, मग पाणी आणणारा अधिकारी प्यायचा, आणि त्यानंतरच पेनाचं टोपण निघायचं.

संचालक हसले. ही बँक आहे का पाणपोई, असं एकानं विचारलं. मॅडम म्हणाल्या, तिथल्या लोकांनी रोज प्यायचं, तर आपण एकदा प्यायला काय हरकत आहे.

पण हसता हसता बँक बदलली हेही खरं. पूर्वी तपासणीचा अहवाल चहाच्या टपरीवर लिहिला जायचा. आता जे पाणी लिहायचं तेच प्यायचं म्हटल्यावर माणसं उन्हातान्हात ओढे शोधत फिरू लागली. देवळाली कॅम्पच्या शाखेतल्या एकानं, मॅडमनी न सांगता, कपडे धुण्याच्या एका मोठ्या धंद्याला शोषखड्डा खणायला लावला. दोघा कारखानदारांनी तर अर्ज करायच्या आधीच सांडपाण्याचे हौद बांधले. कोणी परिपत्रक काढलं नव्हतं. एक ठेंगणी बाई दर बैठकीला पेला उचलते, एवढंच सगळे बघत होते. चिंतामणलाही त्या पेल्याची भीती वाटे, पण आयुष्यात पहिल्यांदाच एक भीती त्याला आवडली होती. तपासणी अधिकारी म्हणून अकरा बाटल्या त्यानं आणल्या, अकराही खऱ्या, आणि प्रत्येक वेळी पेला रिकामा करून खाली ठेवताना आपण आप्पांचा मुलगा आहोत असं त्याला वाटलं.

बारावी बाटली सत्त्याण्णवच्या फेब्रुवारीतली.

अर्ज होता महेशचा. नळाच्या तोट्या आणि सायकलींची हँडलं यांच्यावर चकाकी चढवायचा त्याचा कारखाना शहराच्या कडेला, ओहोळाच्या काठावर होता. दोन वर्षं धंदा जोरात चालला होता आणि आता त्याला आणखी तीन टाक्या बसवायच्या होत्या. हा महेश गोरक्ष अण्णांचा जावई. फाइल उघडण्याआधी चिंतामण घोटभर पाणी प्यायला.

कारखान्याखाली दोन शेतं सोडून पुंजाराम आणि अंबूबाई यांची विहीर होती. झेंडू, शेवंती, कडेनं मेथी. पहाटे पुंजाराम फुलांच्या पाट्या घेऊन बाजारात जायचा, मागं शेत अंबूबाई बघायची. तिनंच पोहरा सोडून पाणी काढून दिलं. बाटली उन्हात धरली तर पाण्याला पिवळसर झाक होती. अंबूबाई म्हणाली की दिवाळीपासून असंच आहे, जिभेवर नाणं ठेवल्यासारखं लागतं, म्हणून प्यायला शाळेजवळच्या बोरिंगचं पाणी आणतो. पण ते लांब पडतं, आणि आता लेक छाया पहिल्या बाळंतपणाला आलीय. दारात छाया शेवंती निवडत बसली होती. सातवा महिना होता.

"तुमच्या मॅडम पानी पिऊन बघत्यात म्हनं," अंबूबाई म्हणाली. "त्या प्यायल्या तर आमीबी पिऊ. आमाला कळवा तेवढं."

चिंतामण हो म्हणाला, बाटली पिशवीत घातली आणि लुनाला किक मारली. कारखान्याच्या फाटकाशी अण्णांची जीप उभी होती. अण्णा खाली उतरले आणि त्यांनी नेहमीप्रमाणं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. आप्पांची तब्येत विचारली. शुभांगीचा दमा विचारला. मग म्हणाले की हरसूलला आपण शाखा काढतोय, डोंगरातलं गाव, थंडी फार, एखादा माणूस पाठवावा लागणार आहे. एवढं बोलून त्यांनी पिशवीतून डोकावणाऱ्या बाटलीकडं पाहिलं.

"गायधनी, पानी हे पानीच असतं हो," अण्णा म्हणाले. "कुठनं भरलं ते कोन विचारतंय."

धमकी म्हणावी असा त्यात एकही शब्द नव्हता. धमकी असती तर चिंतामण कदाचित कोणाला सांगू तरी शकला असता. घरी येईपर्यंत हरसूलच्या थंडीत शुभांगी कशी राहणार, आप्पांना कोण बघणार, असं सगळं डोक्यात फिरत होतं. तो सरळ मोरीत गेला, बाटली उपडी केली, विसळली आणि पिंपातलं पाणी भरलं. बाहेर खाटेवर आप्पा बसले होते. मोतीबिंदूनं दिसत नव्हतं, पण कान शाबूत होते.

"काय ओतलंस रे?" त्यांनी विचारलं.

बँकेचं काम आहे, असं चिंतामण म्हणाला. आप्पांनी पुन्हा विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं पुढं कितीतरी दिवस त्याला वाटत राहिलं.

अहवाल अर्थातच स्वच्छ आला. पंचवटीच्या नळाला नापास करायचं काही कारण नव्हतं. बैठकीच्या दिवशी मॅडमनी पेला भरला. चिंतामण समोर उभा होता आणि त्याला स्वतःच्या कानशिलांत ठोके ऐकू येत होते. मॅडमनी त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही, म्हणजे संशयानं पाहिलं नाही. दोन वर्षांत अकरा बाटल्या आणणाऱ्या माणसावर शंका कोण घेणार. त्यांनी सगळा पेला संपवला, गोड आहे म्हणाल्या आणि दुसरा पेला भरून चिंतामणपुढं सरकवला. स्वतःच्याच घरचं पाणी त्यानं डोळे मिटून संपवलं. अण्णा खिडकीबाहेर बघत होते. सही झाली.

त्यानंतर चिंतामणची झोप उडाली. मॅडम समोरून आल्या की तो रेकॉर्ड रूममध्ये शिरायचा. त्याला पकडलं जायची भीती होती, पण तेवढीच नव्हती. दाराशी शेवंती निवडणारी छाया डोळ्यांपुढून हलत नव्हती. त्यानं एक आधार धरला होता: अंबूबाईला आपण काही कळवलेलं नाही, त्याअर्थी ती माणसं अजून बोरिंगचंच पाणी पीत असणार. न कळवणं हीच आपण केलेली एवढी एक चांगली गोष्ट, असं तो स्वतःला समजावत होता. भित्र्या माणसाला असला हिशेब फार चांगला जमतो.

एप्रिलमध्ये नव्या टाक्या बसल्या की नाही ते बघायला त्याला पुन्हा तिकडं जावं लागलं. टाक्या बसल्या होत्या. महेशनं त्याला फिरवून सगळं दाखवलं, पेढा दिला. परतताना न राहवून तो ओहोळ उतरून पुंजारामच्या शेताकडं वळला. लांबूनच बघायचं, बोरिंगवरून हंडा येताना दिसला की निघायचं, एवढंच त्याच्या मनात होतं. पण बांधावर अंबूबाईनं त्याला ओळखलं आणि हाक मारून दारात बसवलं.

आपल्याकडं उन्हातून आलेल्या माणसाला आधी पाणी, मग बोलणं. छाया तांब्या-पेला घेऊन बाहेर आली. नऊ महिने भरत आले होते, ती एक हात कमरेवर ठेवून चालत होती. पेला पुढं करताना तिच्या बोटांकडं चिंतामणचं लक्ष गेलं. बोटांच्या बेचक्यांत लालसर, न भरलेल्या जखमा होत्या. पुंजाराम खाटेवर होता, पाय उघडे; रोज पाटात उभं राहून पाणी वळवणाऱ्या त्या पायांवरही तशाच. पेल्यातलं पाणी मागच्या वेळेपेक्षा पिवळं होतं.

"घ्या साहेब," अंबूबाई म्हणाली. "तुमच्या मॅडम प्यायल्या तेच हाय."

चिंतामणला क्षणभर काही उमगलं नाही. मग कळलं. सही झाली त्याच दिवशी महेशनं माणूस पाठवून पेढे वाटले होते आणि निरोप दिला होता की बँकेच्या मोठ्या बाई तुमच्या विहिरीचं पाणी पेलाभर प्यायल्या, सरकारी कागदही आला, आता शंका धरू नका. तेव्हापासून या घरानं बोरिंगचा हंडा बंद केला होता. दोन महिने. चव अजून नाण्यासारखीच लागायची, पण एवढी शिकलेली बाई प्यायली म्हणजे आपल्या जिभेचाच दोष असणार, असं अंबूबाई धरून चालली होती. छायाला तर ती जास्तच प्यायला लावायची, पोटुशी बाईला पाणी कमी पडू नये म्हणून.

पेला चिंतामणच्या हातात होता. त्याला इतकी भीती कधी वाटली नव्हती, आप्पांच्या छातीत दुखलं तेव्हाही नाही. प्यावं तर विष, न प्यावं तर कारण सांगायला हवं. समोरची पोरगी कमरेवर हात ठेवून तो पिण्याची वाट बघत उभी होती. त्यानं पेला ओठांपर्यंत नेला. वास नाकात गेला. हात इतका थरथरला की पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं.

"हे पिऊ नका," तो म्हणाला. "कोणीच पिऊ नका. आजपासून एक थेंबही नको."

अंबूबाईनं विचारलं, "मंग मॅडम कशा प्यायल्या?"

"मॅडम माझ्या घरचं पाणी प्यायल्या."

पुंजाराम खाटेवर उठून बसला. कोणी शिवी दिली नाही, कोणी अंगावर आलं नाही. अंबूबाईनं छायाच्या हातातून तांब्या काढून घेतला, अंगणाच्या कडेला जाऊन रिता केला आणि तो तिथंच मातीत पालथा घातला. मग ती वळली आणि म्हणाली की मागं आलात तेव्हा मी तुमच्या हाताला हात लावून बाटली भरून दिली होती, साहेब. एवढंच. चिंतामणला मार चालला असता.

त्यानं त्यांच्याकडून दुसरी बाटली भरून घेतली आणि तडक बँक गाठली. जिन्याच्या प्रत्येक पायरीवर त्याला परत फिरावंसं वाटत होतं. मॅडमच्या केबिनमध्ये तो बसला नाही, उभ्यानंच सगळं सांगितलं: फाटकापाशी अण्णा काय बोलले ते, मोरी, पिंप, आप्पांचा प्रश्न, छायाची बोटं. सांगताना तो त्यांच्या चष्म्याकडं बघत नव्हता, टेबलावरच्या पेल्याकडं बघत होता. नोकरी गेली, हे त्यानं धरलंच होतं.

मॅडमनी पहिला प्रश्न विचारला तो असा: "ती माणसं आत्ता, या क्षणी, कुठलं पाणी पितायत?"

बोरिंगचं म्हटल्यावर त्यांनी फोन उचलून बँकेची जीप सांगितली, दोन मोठे कॅन सांगितले, आणि छायाला डॉक्टरांकडं न्यायला एका लेडी क्लार्कला पिटाळलं. मग चष्मा काढून त्या बराच वेळ डोळे चोळत बसल्या. त्या रागावतील म्हणून चिंतामण अंग चोरून उभा होता. पण त्या घाबरल्या होत्या. दोन वर्षं ज्यांना आपण निर्भय समजलो त्या बाईच्या हातालाही आपल्यासारखाच कंप आहे, हे त्यानं तेव्हा प्रथम पाहिलं.

"मी पेला बघत राहिले," त्या हळू म्हणाल्या. "बाटली भरणाऱ्या माणसाला कोणाची भीती वाटते, ते बघितलं नाही. तुम्हाला एकटं पाठवलं ही माझी चूक. खोटं केलंत ती तुमची."

चार दिवसांनी समितीची बैठक झाली. मॅडमनी त्या दिवशी टेबलाशी एक खुर्ची जास्तीची मांडली होती आणि तिच्यावर अंबूबाई बसली होती, डोक्यावर पदर, मांडीवर बाटली. मॅडमनी कोणावर आरोप केला नाही. सही माझी आहे, त्यामुळं जबाबदारीही माझी, प्यायले ते पाणी या विहिरीचं नव्हतं, एवढं त्यांनी सांगितलं आणि ही गोष्ट इतिवृत्तात जशीच्या तशी लिहायला लावली. मग अंबूबाईनं बाटली उघडून पेला भरला. पांढऱ्या टेबलक्लॉथवर तो पिवळा रंग लपत नव्हता.

"कुनाला देऊ?" अंबूबाईनं विचारलं.

सगळे संचालक आपापल्या कागदांत काहीतरी शोधू लागले. पेला अण्णांच्या समोर येऊन थांबला तेव्हा ते म्हणाले की माझा आज उपास आहे. उपासाला पाणी चालतं, हे आप्पांच्या मुलाला चांगलं ठाऊक होतं. पण त्याचे डोळे मॅडमच्या हाताकडं लागले होते. मॅडमचा हात पेल्याकडं निघाला होता. त्या पेला बाजूला करणार होत्या की आपल्याच नियमाला जागून पिणार होत्या, हे पुढं कधी कळलं नाही. त्यांनी सांगितलं नाही आणि त्यानं विचारलं नाही. पण त्या बाईचा काही भरवसा नव्हता. आयुष्यात कोणाच्या मध्ये न पडलेल्या चिंतामणनं पुढं होऊन पेल्याच्या तोंडावर स्वतःचा पंजा दाबून धरला.

"नको, मॅडम," तो म्हणाला.

पंजा त्यानं बराच वेळ काढला नाही. तो तसा उभा असतानाच महेशच्या कर्जाचा पुढचा हप्ता थांबला. आधी सांडपाणी साफ करायचं यंत्र, तोवर टाक्या बंद, असं ठरलं, आणि विरोधात एकही हात वर झाला नाही. अण्णांचासुद्धा नाही. त्या दिवसापासून रीतही बदलली: बाटली भरायला बँकेची दोन माणसं जाणार, बाटलीच्या बुचावर कागद चिकटवून विहिरीच्या मालकाची सही किंवा अंगठा घ्यायचा, आणि बैठकीत पेला भरायचा तो मालकानंच.

चिंतामणला शिक्षा झाली. दोन वेतनवाढी गेल्या. पुंजारामच्या घरी पाणी कोण पोचवणार असं मॅडमनी विचारलं तेव्हा मी, असं तो म्हणाला, आणि वर्षभर बँकेत जाण्याआधी लुनाला दोन कॅन लटकवून तो ओहोळापलीकडं जात राहिला. कॅन उतरवायचे, रिकामे घ्यायचे, निघायचं. अंबूबाई त्याच्याशी बोलत नसे. छायाला मुलगी झाली. जगली, पण वजन फार कमी होतं. कशामुळं, ते डॉक्टरांनी सांगितलं नाही आणि चिंतामणची विचारायची छाती झाली नाही. ती पोर रडली की बांधावरूनच त्याच्या काळजाचं पाणी व्हायचं, आणि रडली नाही तर त्याहून जास्त.

आप्पांना त्यानं सगळं सांगितलं होतं. ते इतकंच म्हणाले की आवाजावरून कळलं होतं मला, भरलेली बाटली ओतली की वेगळी वाजते.

वर्षभरानं हरसूलची बदली आलीच. अण्णा ती विसरले नव्हते. ज्या गोष्टीला भिऊन त्यानं एवढं केलं ती शेवटी मुकाट पुढ्यात आली, आणि गेल्यावर कळलं की तिथं थंडी होती, आठवड्याचा बाजार होता, शुभांगीचा दमा नाशिकपेक्षा कमी होता. चिंतामणला स्वतःची इतकी चीड कधी आली नव्हती.

दोन हजार दोन साली तो परत आला. महेशच्या कारखान्याचं यंत्र चार वर्षं चालू होतं, विहीर तीन उन्हाळे तळापर्यंत उपसून काढली होती, आणि लागोपाठ तीन अहवाल चांगले आले होते. या खेपेच्या बाटल्या दोघांनी भरल्या होत्या, बुचावर पुंजारामचा अंगठा होता. तरी ते घर बँकेकडून येणाऱ्या कॅनचंच पाणी पीत होतं. मॅडमची निवृत्ती दोन महिन्यांवर आली होती. मी स्वतः जाऊन पिते, असं त्यांनी कळवलं, तेव्हा अंबूबाईचा निरोप आला: मॅडम नको, गायधनी साहेबाला पाठवा.

तो सकाळी गेला. अंगणात तोच तांब्या होता. माहेरीच असलेल्या छायाची मुलगी पाच वर्षांची, बारीक अंगाची, आजीच्या पदराआडून बघत होती. अंबूबाईनं त्याच्यासमोर पोहरा सोडला, पाणी काढलं, पेला काठोकाठ भरून त्याच्या हातात दिला. पाणी स्वच्छ दिसत होतं. तीन अहवाल त्याच्या खिशात होते आणि तरी त्याच्या कानशिलांत तेच जुने ठोके सुरू झाले, कारण स्वच्छ दिसणाऱ्या पाण्याची आणि चांगल्या अहवालाची किंमत त्याच्याइतकी कोणाला माहीत होती. पण या वेळी त्यानं पेला दोन्ही हातांत धरला. थेंबही न सांडता त्यानं तो संपवला आणि पालथा करून दाखवला.

छायानं दुसरा पेला भरायला तांब्या उचलला. पोरीनं हात पुढं केला. अंबूबाईनं तो हात धरून मागं घेतला.

"आज नाय," ती म्हणाली. "साहेब, उद्या परत या. परवाबी या. आठ दिस इथलंच पानी प्या. तुमी नीट दिसलात तर आमी पिऊ."

चिंतामणनं मान डोलावली. दुसऱ्या दिवशी बँक उघडायच्या आत तो तिथं हजर होता, आणि अंबूबाई पोहरा घेऊन विहिरीवर उभी होती.